आपली सविता खुशाल आहे

सविता, सकाळीच तू गेली होतीस आणि दुपारपर्यंत मी तुला जिवंत ठेवलं. ग्रुपवर तुझी श्रद्धांजली आली तेव्हा खाली मी लिहिलं, "ही आपली सविता नव्हे. आपली सविता खुशाल आहे. कृपया खात्री केल्याशिवाय कुणीही असं काही टाकू नये." शेवटचं वाक्य तर मी खास शाळेतल्या बाईंच्या थाटात लिहिलं होतं. लोकांनी मला धन्यवाद दिले. कुणी हात जोडले, कुणी हसरे चेहरे टाकले. आणि तिकडे तांड्यावर तुला अंगणात आणून ठेवलं होतं. अजून तुझे दिवसही व्हायचे आहेत. मी भाजी निवडताना, दाराला कुलूप लावताना मध्येच थांबते आणि मोठ्याने म्हणते, हे असं झालंच कसं?

आपल्या जुन्या विद्यार्थिनी म्हणाल्या, ताई, मॅडमवर तुम्हीच लिहा. तुझा जन्म, शिक्षण, सत्कार यांतलं मी काही लिहिणार नाही, ते चौकातल्या फलकावर लागलंय. शिवाय तुझ्याबद्दल बोलायची मला सवयच नाही. तुझ्याशी बोलायची, खरं म्हणजे तुझ्याशी भांडायची सवय आहे. ती अजून सुटलेली नाही.

पुसदला बसस्टँडमागच्या गल्लीत आपण वर्ग काढला तेव्हा लोक विचारायचे, ह्या दोघींचं जमलं कसं? मी वकिलाच्या घरची सून, शाळेत विज्ञान शिकवणारी, साडीची पिन जागची हलू न देणारी. तू बंजारा तांड्यावरून शिकायला बाहेर पडलेली, अमरावतीहून संगणकाचा कोर्स करून आलेली, खो खो हसणारी. जमलं नव्हतंच मुळी. पहिले काही महिने आपण रोज भांडत होतो आणि भांडण संपलं की आलुबोंडे मागवत होतो. एक टेलिफोनची लाईन, एक मोडेम आणि दोन संगणक एवढ्यावर आपण गावाला इंटरनेट शिकवायला निघालो होतो. नंबर लागला की मोडेम किंचाळायचा, खरखरायचा, आणि मुली कानांवर हात ठेवायच्या. तू म्हणायचीस, "भिऊ नोका वं, दोन मशिनी एकमेकीले रामराम करून राह्यल्या." शेजारच्या कापडवाल्याने त्याच लाईनवरचा स्वतःचा फोन उचलला की रामराम तुटायचा आणि तू भिंतीवर लाटणं आपटायचीस. वर्गात लाटणं कशाला ठेवतेस असं मी विचारलं होतं, तर म्हणालीस, "नेटवर्क सुधरवाले."

कळंबहून एक गृहस्थ आले होते, आठवतात? धोतर, टोपी, हातात छत्री. "इंटरनेट दाखवा," म्हणाले. मी त्यांना खुर्ची देऊन पडद्यावर काहीतरी दाखवायला लागले, तर तू त्यांना चक्क टेबलाखाली वाकवलंस आणि वायर दाखवलीस. "हे पाहा काका. इथून खांबावर जाते, खांबावरून एक्सचेंजमंदी, तिथून नागपूर, मंग मुंबई, आन् मंग समुद्राच्या बुडातून परदेशात." काकांनी वायरीला हात लावून पाहिलं. "म्हंजे फोनच ना बाई?" "फोनच," तू म्हणालीस, "फक्त बोलते थे माणसं नाईत." ते गेल्यावर मी तुझ्यावर चिडले. मला वाटत होतं हे सगळं उपग्रहावरून, आकाशातून चालतं, आणि मुलींना मी तसंच सांगितलं होतं. तू फक्त म्हणालीस, "ताई, तुमचं सारं वरून येते, आमचं जमिनीवरून." वीस वर्षांनी लोक 'क्लाउड, क्लाउड' करू लागले तेव्हा तुझा किती संताप झाला होता. कोणाच्या तरी गोदामातली मशीन आहे, तिला ढग कशाला म्हणता, असं तू रस्त्यात भेटेल त्याला विचारत होतीस.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो लदेणीचा धडा. संदेश तुकड्यातुकड्यांनी कसा जातो, त्याची मी फळ्यावर छान आकृती काढली होती. बाण, चौकोन, रंगीत खडू. मुली माना हलवत होत्या आणि एकीलाही काही कळलेलं नव्हतं. तू डस्टर घेतलंस आणि माझ्यादेखत आकृती पुसून टाकलीस. माझा असा पारा चढला होता! मग टेबलावर बसून तू सुरू झालीस. "आपले आजे-पंजे काय करत होते? बैलाच्या पाठीवर माल लादून गावोगाव नेत होते. त्याले लदेणी म्हनत. आता एका शेटजीचं सारं मीठ एका बैलावर बसंन का? नाई बसत. मंग गोण्या करा. हरेक गोणीवर खूण करा, कोनाची हाय, कुठं जायची हाय, कितवी हाय. वाटंत नदीले पूर आला त एक बैल घाटातून जाईन, एक जंगलातून. कोनी आंधी पोचंन, कोनी मांगून. तिकडं गेल्यावर नंबरानं गोण्या लावा, मीठ पुरं. तुमचा ईमेल असाच जाते." तांड्यावरून येणाऱ्या मुली ताठ बसल्या. त्यातली एक म्हणाली, "म्हंजे मॅडम, इंटरनेट आपनच काढलं?" तू म्हणालीस, "डोकं आपलं, पगार त्यायचा." वर्ग हसून लोळला. मीही हसले, पण आकृतीचा राग काही दिवस धरून होते, हे तुला माहीत आहे.

तेव्हापासूनचं आपलं भांडण मिटलं नाही ते नाहीच. माझं म्हणणं होतं की तुझा दाखला चुकीचा आहे. तांड्याला नायक असतो, वाट तो ठरवतो. इंटरनेटची तर सगळी गंमतच ही की त्याला नायक नाही. मुळात ते अमेरिकेत चार संगणक एकमेकांना जोडून सुरू झालं. त्यामागे एक विचार असाही होता की एखादं ठिकाण बंद पडलं तरी बाकीच्यांचं बोलणं थांबू नये. प्रत्येक नाका फक्त पुढचा नाका दाखवतो, पूर्ण वाट कुणालाच माहीत नसते. तू डोकं खाजवून म्हणालीस, "मंग ह्या तांड्यात सारेच नायक." अलीकडे तुझं मत फिरलं होतं. तू म्हणायचीस, "ताई, तवा नव्हते नायक. आता झाले. चार-पाच जन बसले हायेत नाक्यावर, सारे बैल त्यायच्याच गोठ्यातून जाते." मी म्हणायचे, गोठे त्यांचे असतील, वाट अजून मोकळी आहे. तू म्हणायचीस, वाट मोकळी राहून काय करता, पाणी त्यांच्याच विहिरीवर आहे. मागच्या वेळी फोन ठेवताना तू म्हणालीस, "समोरासमोर बसून याचा निकालच लावू." आता माझ्याजवळ एक चांगला मुद्दा आहे, सविता. तो मी कुणाला सांगू?

इतिहास शिकवताना तुला एकच गोष्ट प्रिय होती. दोन दूरच्या संगणकांमध्ये पहिला निरोप धाडायचा होता, एक छोटासा इंग्रजी शब्द, 'लॉगिन'. पाचांतली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची मशीन बसली. "जगातला पहिला निरोप अर्धाच गेला," हे तू असं काही सांगायचीस की मुली हळहळायच्या. मी मागून म्हणायचे, "तासाभरात पूर्ण शब्द गेला, तेही सांग." तू मला खुणेने गप्प करायचीस. नंतर म्हणालीस, "थे सांगतलं का गोष्ट खतम होते ना ताई." आणि इंटरनेटचा रस्ता वेगळा, रस्त्यावरची दुकानं, म्हणजे आपण बघतो ती वेबची पानं, वेगळी आणि ती पुष्कळ नंतर, वीसेक वर्षांनी आली, हे रुक्ष काम माझ्याकडे असायचं. वाटणी बरी होती आपली. गोष्ट तुझी, दुरुस्ती माझी.

आणि त्या दुरुस्त्यांच्या खोडीनेच माझा घात केला.

आपल्याकडे आडनावं मोजकी. राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे यांच्यात अर्धा तालुका बसतो. वर्गात एकाच वेळी तीन सविता राठोड होत्या, एक तू शिकवणारी आणि दोन शिकणाऱ्या. त्यावरून तू पत्त्याचा धडा शिकवायचीस. "नाव माणसाच्या ध्यानात ठेवाले असते. मशीनले नावानं काही समजत नाई, तिले आकडा लागते. नाव आकड्यात बदलून देनारा एक जाणकार मंधात बसवा लागते. नुसतं सविता राठोड म्हणून हाका माराल त तिघी उठतीन." मागच्या वर्षी महागावची सविता राठोड गेली आणि आपल्या ग्रुपवर लोकांनी तुला श्रद्धांजली वाहिली. दोन-तीन जणींनी तर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले. तू सगळं वाचून घेतलंस आणि मग खाली टाकलंस, "मी हाय अजून. पण थांबू नोका, लिहा, मले वाचू द्या." मला फोन करून तू किती हसलीस! म्हणालीस, "ताई, पत्त्याबगर पाकीट सोडलं पोट्ट्यायनं. इतकं शिकवलं, पण गोणीवर खूण नाई केली." हसता हसता गंभीर झालीस आणि महागावच्या तिच्याबद्दल हळहळलीस. मग पुन्हा हसलीस.

म्हणून परवा जेव्हा ओळ आली, "सविता राठोड यांचे दुःखद निधन, भावपूर्ण श्रद्धांजली," तेव्हा गाव नाही, फोटो नाही, मला आधी रागच आला. मनात म्हटलं, हे आलं पुन्हा. ही दिग्रसची शिक्षिका सविता असणार, ती बरेच दिवस आजारी होती. तरी मी तुला वेगळा मेसेज केला. "कोण गं गेलं? लोक पुन्हा तुला पोचवायला निघालेत." मेसेज गेला. एक टिक आली. लगेच दुसरी आली.

दोन टिक आल्या, सविता. त्या बघून मी निश्चिंत झाले. मला वाटलं, फोन चालू आहे, जवळ आहे, मिळालं तिला, आता हसत असेल. आणि मी ग्रुपवर जाऊन ते लिहिलं.

मी हे करावं? मी? पोचेचा धडा तर आपण दोघींनी मिळून किती वर्षं शिकवला. गोणी पोचली की पलीकडची मशीन उलट निरोप देते, मिळाली म्हणून. नाही आली पोच, तर इकडची पुन्हा पाठवते. सगळं इंटरनेट ह्या उलट निरोपावर उभं आहे. आणि प्रत्येक वेळी तू शेवटी बजावायचीस, "पोच मशीन देते, माणूस नाई. मशीनले भेटलं म्हणजे माणसाले भेटलं असं समजू नोका." मी तुला म्हणायचे सुद्धा, एवढं काय ते घोळवतेस, साधी गोष्ट आहे, लहान मुलालाही कळेल. मला नाही कळली.

दुपारी तुझ्या पूनमचा फोन आला. मी अगदी मोकळेपणाने म्हणाले, "काय गं, आई कुठे आहे तुझी? लोकांनी काय गोंधळ घातलाय बघ."  ती म्हणाली, "मावशी, तुमी असं काहून लिहिलं? आई इथं हाय. आईले आंघोळ घालून राह्यले." मी तिच्याशी वाद घातला. खरंच घातला. म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस, तिच्या फोनवर माझा मेसेज पोचलाय, मी डोळ्यांनी पाहिलं. ती पोर रडतही नव्हती, हळू आवाजात समजावत होती मला. "फोन माझ्या पर्समंदी हाय, मावशी. चालूच हाय थो." सकाळी तू याडीकडे, म्हणजे तुझ्या आईकडे होतीस. मीही तिला याडीच म्हणते. तू उठलीस, चहा मागितलास, भिंतीला टेकून बसलीस. चहा आला तेव्हा तू नव्हतीस. पूनमने हे दोनदा सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बरं." बरं! 

मग मला ग्रुपवर दुसरी ओळ लिहावी लागली. आयुष्यात इतकी लहान ओळ लिहायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता. "मी चुकले. आपलीच सविता." 

पुसद सोडल्यापासून मी यवतमाळलाच; मुलाने गाडी काढली. दिग्रसपर्यंत मी ग्रुपवरची माझी ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. दिग्रसनंतर तुझ्यावर भयंकर रागावले. तब्येतीचं काही सांगितलं नाहीस, छातीत कळ यायची हे पूनमला माहीत आणि मला नाही. दर दुपारी फोन करत होतीस ना? आमचे हे वारल्यापासून माझ्या घरात दुपारी कुणी बोलायला नसायचं, आणि नेमका तेव्हाच तुझा फोन यायचा. "ताई, राउटरवर लाल दिवा काहून लागून राह्यला?" "ताई, हा पासवर्ड काहून घेत नाई?" ज्या बाईने अर्ध्या तालुक्याला नेट जोडून दिलं ती मला लाल दिव्याचं विचारत होती. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी मी दर वेळी सविस्तर उत्तर देत होते, आणि तू "हो का, असं हाय का," म्हणत ऐकत होतीस. त्या फोनांनी मी उभी राहिले. हे तुला एकदा नीट सांगायचं होतं, पण सांगितलं असतं तर तू फोन करायला दुसरं निमित्त शोधलं असतंस, म्हणून गप्प राहिले. आता तो दिवा खरोखर लाल असतो आणि मी त्याच्याकडे बघत बसते.

तांड्यावर माणसं मावत नव्हती. मला तुझा चेहरा दिसला, एवढं तरी झालं. नीताला नाही दिसला. पांढरकवड्याची आपली नीता, तुझी लाडकी. सकाळची पहिली ओळ वाचून ती लगेच निघाली होती. माझी ओळ वाचून अर्ध्या रस्त्यातून परत फिरली. पुन्हा निघून पोचली तेव्हा अग्नी दिलेला होता. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. वाटलं, काहीतरी बोलेल, ओरडेल. ती म्हणाली, "ताई, तुमचा मेसेज वाचून मी खुशीनं रडली. घरी गेली आन् जेवली. पोटभर जेवली मी, ताई." आणि तिने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती बाजूला झाली. बरोबरच आहे तिचं.

निघायच्या आधी याडीने मला बोलावलं. ती घराच्या आत भिंतीशी बसली होती, जिथे तू बसली होतीस तिथेच, आणि तिथून उठायला तयार नव्हती. मला हाताला धरून खाली बसवलं. "पूनम सांगून राह्यली का तू मोबाईलमंदी लिहिलं, माही सविता खुशाल हाय."

मी म्हटलं, "हो याडी. चुकून लिहिलं. माझी फार मोठी चूक झाली."

"कोनं कोनं वाचलं?"

"सगळ्यांनी."

"मंग काय म्हनले?"

मी म्हटलं, राहू दे, याडी. पण ती सोडेना, म्हणून मी मोबाईल काढला आणि वाचून दाखवलं. जिवात जीव आला. देवाची कृपा. मॅडमला दीर्घायुष्य लाभो. आमच्या मॅडम शंभर वर्षं जगणार. एकेक नाव तिने विचारलं, ही कोनाची, थे कुठची, आणि मी सांगत गेले. ती मान हलवत ऐकत होती. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, "पुन्हा लिही."

"काय लिहू?"

"थेच. खुशाल हाय म्हणून."

"याडी," मी म्हटलं, "आता खरं काय ते सगळ्यांना कळलंय."

"त्यायले कळलं असंन," ती म्हणाली. "मले कुठं कळलं? तू लिही."